योहान १०:२२ मधलं ‘एन्काइनिया’: प्रतिष्ठा, जीर्णोद्धार की समर्पण?

अक्षरयात्री

योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळाचं प्रवचन संपतं आणि पुढचा वाद पेटतो, त्या सांध्यावर एक छोटंसं वाक्य आहे (१०:२२-२३). सरळ अर्थ असा: तेव्हा यरुशलेमात ‘एन्काइनिया’ होतं, हिवाळा होता, आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता. एवढंच बोलून लेखक पुढे जातो. कसला सण, कशाबद्दल, किती दिवस, काही नाही. ग्रीकमध्ये तर इथे ‘सण’ हा शब्दसुद्धा नाही. सातव्या अध्यायात मांडवांच्या सणाचं नाव घेताना तो ‘यहुद्यांचा सण’ असं व्यवस्थित म्हणतो. इथे नुसतं नाव. म्हणजे नाव ऐकलं की वाचकाला कळेल, असं त्यानं धरून चाललंय.

हा सण म्हणजे आजचा हनुक्का, याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. नव्या करारात त्याचा हा एकुलता एक उल्लेख. हिब्रू बायबलमध्ये तर तेवढाही नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. इ.स.पू. १६७ मध्ये सीरियावर राज्य करणाऱ्या ग्रीक सेल्युसिड घराण्याचा राजा चौथा अंतियोख (‘एपिफानेस’) याने यरुशलेमच्या मंदिरातली नित्याची उपासना बंद पाडली, होमबलीच्या वेदीवर दुसरी वेदी चढवली आणि मंदिर ऑलिंपियन झ्यूसच्या नावे केलं. त्या वरच्या वेदीवर बळी दिला तो यहुदी पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला. यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून मंदिर परत घेतलं आणि इ.स.पू. १६४ मध्ये, मुद्दाम त्याच तिथीला, नव्या वेदीवर पहिला बळी दिला. आठ दिवस उत्सव केला आणि दरवर्षी तो पाळायचा असं ठरवलं.

आता शब्द. ‘एन’ म्हणजे आत, ‘काइनोस’ म्हणजे नवा. त्यावरून ‘एन्काइनिझो’ हे क्रियापद आणि ‘एन्काइनिया’ हे नाम, तेही नपुंसकलिंगी अनेकवचनात. नवेपणा शब्दाच्या पोटातच आहे. (‘काइनोस’ म्हणजे गुणाने नवा आणि ‘नेओस’ म्हणजे काळाने नवा, हा फरक प्रवचनांतून फार ताणला जातो. बऱ्याच ठिकाणी ते शब्द एकमेकांच्या जागी आलेत, तेव्हा त्यात शिरू नये.)

माझी अडचण मराठीची. ‘समर्पण’ म्हटलं की नवेपणा गेला. ‘नूतनीकरण’ म्हटलं की नगरपालिकेच्या शौचालयाचा फलक दिसतो. ‘प्रतिष्ठा’ म्हटलं की डोळ्यांपुढे मूर्ती येते, आणि त्या देवळात मूर्ती नव्हती हाच तर सगळा मुद्दा. ‘जीर्णोद्धार’ म्हणावं, तर मंदिर जीर्ण झालं नव्हतं, भ्रष्ट झालं होतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. धर्म श्रेष्ठ-कनिष्ठ ही चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर.

रुपाली_वसई

छान धागा! आम्ही कॅथलिक, त्यामुळे मक्काबीची दोन्ही पुस्तकं (याच लढ्याची हकिकत सांगणारी) आमच्या बायबलातच असतात. प्रॉटेस्टंट बायबलांत ती बहुधा नसतात, म्हणून अनेकांना १०:२२ वाचताना ठेच लागते.

पहिल्या मक्काबीचा चौथा अध्याय तर वाचाच. यहूदाची माणसं डोंगर चढून येतात, तर पवित्रस्थान ओसाड, दारं जळालेली, आणि अंगणात रानात उगवावीत तशी झुडपं माजलेली. ते कपडे फाडून रडतात. मग कामाला लागतात. सगळ्यात पेच पडतो तो जुन्या वेदीचा. ती देवाची, म्हणून फेकता येत नाही. परक्यांनी विटाळलेली, म्हणून वापरताही येत नाही. शेवटी ती उतरवून तिचे दगड मंदिराच्या टेकडीवर एका जागी नीट ठेवून देतात, ‘कुणी संदेष्टा येऊन काय करायचं ते सांगेपर्यंत’. आणि नियमशास्त्राप्रमाणे छिन्नी न लागलेल्या अखंड दगडांची नवी वेदी रचतात.

मला हा प्रसंग फार आवडतो. निर्णय होत नाही, तर तो नम्रपणे पुढच्यावर सोपवायचा. समित्या नेमणाऱ्यांनी शिकावं.

तर माझं मत: हा सण मुळात वेदीचा आहे. त्या अध्यायात नावही तसंच आहे, ‘वेदीच्या एन्काइनिस्मोसचे दिवस’ (एन्काइनिस्मोस म्हणजे ‘एन्काइनिझो’ करण्याची क्रिया).

तिरकसकाका

हनुक्का म्हणजे ती आठ दिव्यांची यहुदी दिवाळी ना? मग ‘दीपोत्सव’ म्हणा आणि मोकळे व्हा. उगीच शब्दाचा कीस कशाला काढता?

अक्षरयात्री

काका, कीस काढण्यासाठीच तर धागा आहे :)

दिव्यांबद्दल सांगतो. पहिल्या मक्काबीत आठ दिवस पुरलेल्या तेलाची गोष्ट अजिबात नाही. दीपवृक्षावरचे दिवे लावले एवढं आहे, पण वेदीवर धूप जाळला, मेजावर भाकरी ठेवल्या, पडदे लावले, याच ओळीत. दुसऱ्या मक्काबीतही ती गोष्ट नाही. महायाजकाची मोहोर असलेली तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, ही कथा मिळते ती तालमुद या यहुदी परंपरेच्या ग्रंथात (शब्बात २१ब), म्हणजे कितीतरी शतकांनी.

मधला दुवा म्हणजे इतिहासकार योसेफस. तो पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहितो की आम्ही या सणाला ‘फोता’ म्हणजे ‘दिवे’ म्हणतो. पण असं का म्हणतात, ते त्यालाही धड ठाऊक नाही. आशा सुटलेली असताना उपासनेचा हा हक्क आमच्यापुढे उजळला म्हणून असावं, असा तो अंदाज करतो. तेलाच्या कुपीचं नाव नाही. म्हणजे योहानाच्या आसपासच्या काळात ‘दिवे’ हे नाव चालू होतं, तरी योहानाने ते घेतलं नाही. त्याने वेदीच्या घटनेवरून आलेलं नाव घेतलं. मग भाषांतरात ‘दीपोत्सव’ लिहिणं म्हणजे त्याने न निवडलेला शब्द त्याच्या तोंडी घालणं.

शेपूची_भाजी

वाचतेय. वाचनखूण साठवली.

हेमाडपंती

‘जीर्णोद्धार’ बाद, हे मान्य. पण विटाळलेल्या देवस्थानासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: संप्रोक्षण. देवळात अघटित घडलं, स्पर्शदोष झाला, पूजा खंडित झाली, की प्रायश्चित्त, प्रोक्षण आणि मग पुन्हा पूजा चालू. पुरोहितांना विचारा, आजही करतात. अंतियोखाच्या प्रकरणानंतर जे झालं ते हेच नव्हे काय?

अक्षरयात्री

हेमाडपंती, शब्द झकास. पण तो दुसऱ्या मक्काबीला जास्त शोभेल. तिथे (१०:५) ‘काथारिस्मोस’ म्हणजे शुद्धीकरण हाच शब्द आहे. पहिल्या मक्काबीत मात्र दोन क्रिया शेजारी शेजारी दिल्यात (४:३६): चला, पवित्रस्थान ‘शुद्ध करू’ आणि त्याचं ‘एन्काइनिझो’ करू. एक दुसरीत विरघळत नाही. आणि रुपालीताई म्हणाल्या तशी वेदी शुद्ध केलेली नाहीच, ती नवी रचली. शिंपडून भागलं असतं, तर दगड बाजूला ठेवायची वेळ आली नसती.

मीमांसा

उशिरा आले, पण या शब्दाशी जुनी ओळख आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे हिब्रू बाजू पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. हनुक्का शब्दाचं मूळ ‘ह-न-ख’. अर्थ, एखादी गोष्ट पहिल्यांदा वापरात आणणं, तिचा विधिपूर्वक आरंभ करणं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२०:५) लढाईआधी अधिकारी विचारतात: नवं घर बांधून अजून त्याचं ‘हनख’ न केलेला कोणी आहे का? असेल तर त्याने घरी जावं, लढाईत मेला तर दुसराच कोणी येऊन करील. हे जवळजवळ आपलं वास्तुशांत झालं, आणि आजच्या हिब्रूतही नव्या घराच्या समारंभाला ‘हनुक्कात बायित’च म्हणतात. त्याच धातूवरून ‘हिनूख’ म्हणजे शिक्षण. नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला त्याच्या मार्गाला लाव असं म्हटलंय, तिथे हाच धातू.

इथे ‘पुन्हा’ची छटा कुठेच नाही. हनुक्का म्हणजे पहिला आरंभ.

आता ग्रीक. हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, करणाऱ्यांनी या ‘ह-न-ख’साठी ‘एन्काइनिझो’ वापरलं: वरचं नवं घर, शलमोनाचं मंदिर (१ राजे ८:६३), गणनेच्या सातव्या अध्यायातली वेदी. एज्रा ६:१६ मध्ये बाबेलहून परतलेल्यांचं दुसरं मंदिर आणि नहेम्या १२:२७ मध्ये यरुशलेमचा तट, या दोन्ही जागी तर थेट ‘एन्काइनिया’ हे नामच आहे. इथवर ठीक. पण त्याच भाषांतरात एक अगदी वेगळा हिब्रू धातू, ‘ह-द-श’ म्हणजे नवं करणं, ताजं करणं, यालाही बऱ्याचदा हाच ग्रीक शब्द लावला. शमुवेल म्हणतो, गिलगालला जाऊन राज्याचं ‘नूतनीकरण’ करू (१ शमुवेल ११:१४), तिथे एन्काइनिझो. एक्कावन्नावं स्तोत्र, ‘माझ्या ठायी स्थिर असा आत्मा पुन्हा घाल’, तिथेही एन्काइनिझो.

म्हणजे ग्रीक कानाला हा शब्द दोन्ही सुरांत ऐकू येतो: पहिल्यांदा सुरू करणं आणि पुन्हा नवं करणं. हिब्रू ‘हनुक्का’त एकच सूर आहे. मक्काबींची गंमत ही, की त्यांच्या घटनेत दोन्ही आहे. वेदी कोरी नवी आणि उपासना जुनीच. त्यामुळे ग्रीक शब्द या सणाला मूळ हिब्रू नावापेक्षाही जास्त चपखल बसतो, असं माझं मत.

पहिला मक्काबी मुळात हिब्रूत लिहिला होता असं मानतात. ते मूळ हरवलं, ग्रीक तेवढं टिकलं. तेव्हा त्या लेखकाने हिब्रूत नेमका कुठला धातू वापरला, ते दाखवायला आज कोणाकडे पोथी नाही.

अवांतर: हे दोन धातू आणि लेखनिकाची डुलकी, यातून एक मजा झाली आहे. यशया ४१:१ हिब्रूत आहे, ‘द्वीपांनो, माझ्यापुढे गप्प राहा’. गप्प राहण्याचा धातू ‘ह-र-श’. हिब्रूतले ‘र’ (रेश) आणि ‘द’ (दालेत) दिसायला इतके सारखे, की ग्रीक भाषांतरात झालं, ‘द्वीपांनो, माझ्याकडे नवे व्हा’, एन्काइनिझेस्थे! आपल्याकडे ध चा मा झाला, तिकडे र चा द. कोणाचा जीव गेला नाही हे नशीब.

हेमाडपंती

मीमांसाताई, दंडवत. र चा द आयुष्यात विसरणार नाही.

दिडदमडी

एक शंका. ‘प्रतिष्ठा’ला मूर्तीचा वास येतो म्हणून धागाकर्त्यांनी ती बाद केली. पण दानीएल ३:२ काढून बघा. नबुखद्नेस्सर साठ हात उंच सोन्याचा पुतळा उभारतो आणि त्याच्या समारंभाला सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावतो. त्या समारंभाला मूळ अरामीत ‘हनुक्का’च म्हटलंय, आणि ग्रीकमध्ये थिओडोशन या अनुवादकाच्या पाठात ‘एन्काइनिया’च. मूर्तीचा वास मूळ शब्दालाच आहे की!

अक्षरयात्री

बिनतोड. मूर्तीमुळे शब्द बाद, हे कारण त्यामुळे ढिलं पडतं. पण वास येतो तो वाचकाच्या नाकाला, कोशाला नाही. दानीएल वाचणाऱ्या ग्रीक माणसाला तो शब्द मंदिर, तट, घर, पुतळा सगळ्यांसाठी चालणारा वाटत असणार. मराठीत ‘प्रतिष्ठा’ तशी चौफेर नाही. तटाची प्रतिष्ठा केली असं कोण म्हणतं? शिवाय ग्रीकांकडे देव ‘बसवण्या’साठी ‘हिद्रुओ’ हे वेगळं क्रियापद होतंच, देऊळ उभारणं आणि मूर्ती स्थापणं दोन्हींसाठी. आपल्या ‘प्रतिष्ठे’च्या जवळचं ते. मंदिराबद्दल बोलताना सेप्टुअजिंटने ते सोडून हा शब्द धरला, याला काही अर्थ असावा.

नागावकर

आमच्या अलिबाग तालुक्याशी या विषयाचा धागा जुळतो, म्हणून लिहितो.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून त्यांचे पूर्वज आले अशी त्यांची परंपरा. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं ‘शनिवार तेली’. त्यांच्या सणांना अस्सल मराठी नावं होती. नव्याचा सण म्हणजे यहुदी नवं वर्ष. दरफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, त्या दिवशी दारं बंद करून घरात बसायचं. अनशी धाकाचा सण वल्हांडणाच्या वेळचा. खिरीचा सण, बिरड्याचा सण, हेही आहेत. (बिरडं म्हणजे तेच, सोललेल्या कडव्या वालांचं. शोकाच्या उपासाच्या दिवसाला बिरड्याचं नाव देणारे लोक कोकणी नाहीत असं कोण म्हणेल!)

या जुन्या यादीत हनुक्का नाही. तो आला कोचीनच्या यहुद्यांशी आणि पुढे इतरांशी संबंध वाढल्यावर. त्यांच्यातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी यावरूनच तर्क लढवला, की आपले पूर्वज अंतियोखाच्या छळाच्या सुमारास, इ.स.पू. १७५ च्या आसपास, तिकडून निघाले. सण सुरू झाला १६४ मध्ये. निघालेल्यांना तो कळणार कसा?

तिरकसकाका

म्हणजे तेलाच्या चमत्काराचा सण सगळ्या दुनियेला ठाऊक आणि खुद्द तेल्यांनाच ठाऊक नाही. वा!

दिडदमडी

काका, हे मात्र फ्रेम करून ठेवण्यासारखं :))

पण नागावकर, हा तर्क तितका भक्कम नाही. यादीत नाही म्हणजे तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, असं कसं? शेकडो वर्षं ग्रंथ नाहीत, हिब्रू येणारा माणूस नाही. शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ या प्रार्थनेची एक ओळ आणि पंख-खवले असलेलेच मासे खायचे, एवढं टिकलं हेच विशेष. त्यातून घरगुती दिव्यांचा एखादा सण गळून पडला असेल. नंतरच्या शतकांत आलेल्या लोकांनीही तो विसरलेला असू शकतो. न सापडलेल्या गोष्टीवरून सन काढू नये.

नागावकर

मान्य, पुरावा नाही, तर्कच आहे. पण केहीमकरांनी तो केला तेव्हा त्यांच्यापुढे दुसरं काय होतं? शिलालेख नाही, ताम्रपट नाही. स्वतःच्या समाजाचे सण मोजून काळ काढायचा प्रयत्न केला, याचंच मला कौतुक वाटतं. चूक-बरोबर अभ्यासक बघतील.

मीमांसा

दिडदमडींशी सहमत. हा तर्क फक्त वरची मर्यादा सुचवतो आणि तीही लवचीक. मात्र हनुक्का नसणं ही चांगली नोंद आहे. हिब्रू बायबलमध्ये हा सण नाही, आणि कोकणात टिकलेल्या मोठ्या सणांची मुळं बहुतेक त्या बायबलातच सापडतात. त्यामुळे ‘आधी निघाले’ याइतकंच ‘ग्रंथातलं तेवढं टिकलं’ हेही स्पष्टीकरण लागू पडतं.

टेम्सकाठची_सई

इंग्लंडातून नमस्कार. हा शब्द मला रोज नाही तरी दर जूनमध्ये भेटतो, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मानद पदव्यांचा वार्षिक समारंभ म्हणजे ‘एन्सीनिया’. लॅटिनमधून आल्यामुळे क चा स झाला, एवढंच. (आज सगळेच अक्षरं बदलतायत.) शेल्डोनियन सभागृहात लाल झगे घातलेली मंडळी मिरवणुकीने जातात आणि लॅटिनमध्ये भाषणं होतात. त्यातल्या कोणाला मक्काबी आठवत असतील असं वाटत नाही.

ग्रीसमध्ये फिरताना तर हा शब्द दुकानांवर दिसला. आजच्या ग्रीकमध्ये ‘एन्गेनिया’ म्हणजे उद्घाटन. नवा पूल असो की केशकर्तनालय, फीत कापली की झालं एन्गेनिया. चर्चच्या प्रतिष्ठाविधीलाही तोच शब्द.

मधल्या काळातली एक पायरी मला फार रोचक वाटते. यरुशलेममधल्या पवित्र कबरीच्या चर्चचं इ.स. ३३५ मध्ये अर्पण झालं आणि त्याचा वार्षिक उत्सव सप्टेंबरात ‘एन्काइनिया’ या नावानेच सुरू झाला. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू बाई तिथे गेली होती. ती लिहून ठेवते की हा उत्सव आठ दिवस चालतो, दूरदूरहून साधू आणि बिशप येतात, आणि शलमोनाने मंदिर अर्पण केलं तोही हाच दिवस असं तिथे मानतात. आठ दिवस! सण बदलला, धर्म बदलला, ऋतू बदलला, पण नाव आणि आठाचा आकडा तसाच.

हेमाडपंती

मग सरळ ‘उद्घाटन’ का नको? आजचे ग्रीक तर तेच म्हणतात.

टेम्सकाठची_सई

‘तेव्हा यरुशलेमात उद्घाटनाचा सण होता.’ मोठ्याने वाचून बघा, मागे नारळ आणि आमदार दिसतात की नाही.

रुपाली_वसई

:D

मला त्या वाक्यातल्या हिवाळ्याबद्दल विचारायचं होतं. आमच्या बायबल अभ्यासवर्गात सांगितलं होतं की तिथला शब्द ‘खेइमोन’, आणि त्याचा अर्थ पावसाळी, वादळी हवा असाही होतो. मत्तय १६:३ मध्ये ‘आज खेइमोन’ म्हणजे आज हवा खराब, असाच अर्थ आहे. यरुशलेमचा पाऊस थंडीतच पडतो, तेव्हा दोन्ही एकच. म्हणूनच येशू उघड्या अंगणात न थांबता देवडीत, छपराखाली फेऱ्या मारतोय. शलमोनाची देवडी मंदिराच्या पूर्व बाजूला होती. आता ही नुसती हवामानाची नोंद की आणखी काही?

आणि दुसरं, याच प्रसंगात पुढे (१०:३६) येशू म्हणतो, ‘ज्याला पित्याने पवित्र करून जगात पाठवलं’. वेदी पवित्र केल्याच्या सणात हे वाक्य यावं, हा योगायोग नसणार.

अक्षरयात्री

रुपालीताई, हिवाळ्याची नोंद मला साधी वाटते. सण कुठल्या ऋतूत येतो ते ठाऊक नसलेल्या परदेशी वाचकांसाठी. काही टीकाकार त्यात ‘मनांचा गारठा’ वगैरे बघतात, तो मला ओढूनताणून वाटतो. देवडीचं मात्र पटतं. पावसात माणूस आडोसा शोधणारच.

१०:३६ बद्दल तुमच्याकडे झुकतो, पण एक पथ्य पाळून. तिथलं क्रियापद ‘हागिआझो’ आहे, एन्काइनिझो नाही. शब्द जुळत नाही, कल्पना जुळते. गणनेच्या सातव्या अध्यायात निवासमंडपाच्या बाबतीत मात्र दोन्ही येतात: सुरुवातीला मोशे मंडप आणि वेदी ‘हागिआझो’ करतो आणि मग वेदीचं एन्काइनिस्मोस. ते वाचन ज्यांच्या कानात होतं, त्यांना दुवा लागला असेल.

त्याहून ठळक मला दुसरंच वाटतं. अंतियोखाच्या नाण्यांवर ‘थेओस एपिफानेस’, म्हणजे प्रकट झालेला देव, अशी बिरुदं आहेत. स्वतःला देव म्हणवणाऱ्या माणसाने मंदिर भ्रष्ट केलं, त्याची आठवण जागवण्याचे हे आठ दिवस. आणि त्याच दिवसांत, त्याच मंदिरात, लोक दगड उचलून येशूला म्हणतात, ‘तू माणूस असून स्वतःला देव करतोस’ (१०:३३). त्या गर्दीला अंतियोख आठवला असेल, तर तिचा संताप कुठून आला ते समजतं. एरवी ती नुसती खलनायकांची टोळी वाटते. योहानाने सणाचं नाव उगाच टाकलेलं नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

दिडदमडी

हा मुद्दा चांगला आहे. ‘यहुदी म्हणजे दुष्ट’ अशा वाचनाला त्याने चाप बसतो. मूळ धाग्यात का नाही घातलात?

अक्षरयात्री

सगळं धाग्यातच घातलं असतं तर तुम्ही लोकांनी काय लिहिलं असतं?

तिरकसकाका

बरं, मग ठरलं काय? की नेहमीप्रमाणे दोनशे प्रतिसाद आणि शब्द शून्य?

मीमांसा

माझं मत ‘वेदीप्रतिष्ठेचा सण’ याला. ‘वेदी’ जोडली की मूर्ती डोळ्यांपुढून हटते, आणि पहिल्या मक्काबीतल्या पूर्ण नावाशीही ते जुळतं. ‘पुनः’ मात्र मी लावणार नाही. वेदी नवी होती, तिची पहिलीच प्रतिष्ठा.

हेमाडपंती

मी ‘पुनःप्रतिष्ठा’वाला. वेदी नवी असेल, पण मंदिर जुनं, तिथी जुनी, उपासना जुनी. ‘पुनः’ काढला तर अंतियोख गोष्टीतून गायब होतो. तो नसता तर सण नसता.

अक्षरयात्री

मीमांसाताईंच्याच पोस्टमधून उत्तर काढायचं तर ग्रीक शब्दात दोन्ही सूर आहेत, आणि मराठीत एक निवडावा लागतो. मी ‘पुनःप्रतिष्ठा’ घेईन. ‘वेदी’ तळटीपेत. कारण योहानाने वेदीचं नाव घेतलेलं नाही, आणि भाषांतरात त्याच्यापेक्षा जास्त बोलायचं नाही असा माझा नियम.

रुपाली_वसई

एक शेवटचा प्रश्न. दुसऱ्या मक्काबीच्या सुरुवातीला जी पत्रं आहेत, त्यांत या सणाला मांडवांचा सण म्हटलंय. ती गफलत की काय?

मीमांसा

गफलत नाही. यरुशलेमच्या यहुद्यांनी इजिप्तमधल्या यहुद्यांना हा सण पाळा म्हणून लिहिलेलं पत्र आहे ते, सेल्युसिड शकाचं १८८ वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १२४. त्यात शब्द आहेत, ‘किस्लेव महिन्यातल्या स्केनोपेगियाचे दिवस’ (१:९). स्केनोपेगिया म्हणजे मांडव घालणं, शरद ऋतूतला मोठा सण. त्याचं कारण त्याच पुस्तकात दहाव्या अध्यायात मिळतं. मंदिर परत मिळण्याच्या थोडं आधी मांडवांचा सण आला, तेव्हा ही माणसं डोंगरांत आणि गुहांत जनावरांसारखी राहत होती. तो सण बुडाला. म्हणून शुद्धीकरणानंतर आठ दिवस त्याच थाटात, हातात झावळ्या आणि डहाळ्या घेऊन, आनंद केला. आठ दिवस का, याचं सगळ्यात जुनं उत्तर हे आहे: बुडालेल्या सणाची भरपाई.

म्हणजे त्या पत्रात या सणाला स्वतःचं नावही नाही, ‘किस्लेवमधला मांडवसण’ म्हणून ओळख करून द्यावी लागते. पहिल्या मक्काबीत ‘वेदीच्या एन्काइनिस्मोसचे दिवस’ असं लांबलचक वर्णन येतं. आणि योहानापर्यंत येता येता नुसतं ‘एन्काइनिया’ म्हटलं की पुरतं. सणाला सुटसुटीत नाव पडल्याच्या जुन्या साक्षींपैकी ती एक ओळ आहे. नाव रुळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली.

तिरकसकाका

मग आपल्याला मराठी शब्द ठरवायला अजून वेळ आहे म्हणायचा. चालू द्या.